टकटक होते पण मासा लागत नाही: मार्चमधल्या नदीवर वॉलआय-सॉगरची जिग नेमकी कुठे चुकते

वॉलआय आणि सॉगर हे एकमेकांचे जवळचे नातेवाईक मासे, जिग म्हणजे वजनदार डोक्याची गरी, आणि मिनो म्हणजे तिला आमिष म्हणून लावायचा लहानसा मासा. आधी लक्षणं सांगतो, यातली दोन-तीन जरी तुमच्याशी जुळली तरी पुढचं वाचा.

रॉडच्या टोकाला टकटक जाणवते, तुम्ही झटका मारता आणि वर रिकामी जिग येते. मिनोची शेपटी गायब, नाहीतर अख्खा मिनोच गायब. किंवा उलट, दिवसभर काहीच जाणवत नाही आणि जिग तळाला लागलीये का अधांतरी लोंबकळतेय तेही सांगता येत नाही. किंवा दर तिसऱ्या मिनिटाला जिग दगडात अडकून तुटते. लाईन बोटीखाली सरळ न जाता तिरकी होऊन मागे पळते. बाजूच्या बोटीत त्याच खोलीत, त्याच रंगाच्या जिगवर मासे येतायत आणि तुमच्याकडे सकाळपासून एक वीतभर सॉगर. सकाळी दोन लागले, अकरा वाजता वारा सुटला आणि तिथून पुढे सगळं बंद.

मी अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉलला राहतो आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जमेल त्या शनिवारी रेड विंगला असतो, मिसिसिपीच्या पूल ४ वर. नवीन माणसासाठी सांगतो, पूल म्हणजे दोन धरणांमधला नदीचा तुकडा. लॉक अँड डॅम ३ पासून खाली विस्कॉन्सिनमधल्या अल्माच्या लॉक अँड डॅम ४ पर्यंतचा हा तुकडा, आणि मध्ये लेक पेपिन, म्हणजे नदीच रुंद होऊन झालेलं तळं. मिनेसोटातल्या आतल्या तळ्यांवर वॉलआयचा सीझन फेब्रुवारीच्या शेवटी बंद होतो तो थेट मे महिन्यात उघडतो, पण दोन राज्यांच्या हद्दीवरची ही नदी वर्षभर उघडी असते, त्यामुळे बर्फ फुटला की सगळे इथेच येतात. मासेही येतात, पेपिनमधून वर धरणाच्या दिशेने, अंडी घालायला. म्हणजे मासे आहेत. मार्चमध्ये रेड विंगला मासे नव्हते म्हणून हात हलवत परत आलो असं फार क्वचित होतं.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या डझनभर तरी लोकांना मी बोटीवर घेऊन गेलोय, आणि वर लिहिलेली तक्रार घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं मूळ एकच निघालं: जिग तळाजवळ नसते, किंवा असते पण त्यांना ते कळत नसतं. बाकी रंग, वास, ब्रँड हे सगळं त्यानंतर. माझं बालपण मालवणकडच्या खाडीत गरवण्यात गेलं, बाबांकडे रॉड नव्हता, तंगूस बोटावर घेऊन बसायचे आणि एकच सांगायचे, तळ कळाक व्हयो. इथे येऊन हजार डॉलरचं सोनार, म्हणजे तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, घेतलं तरी ते वाक्य बदललेलं नाही.

तळच का, हे नीट समजून घ्या म्हणजे पुढच्या सगळ्या तपासण्या आपोआप पटतील. मार्चमध्ये पाणी ३६ ते ४२ फॅरनहाइट असतं. मासा थंड रक्ताचा, त्याची पचनशक्ती, हालचाल सगळं मंदावलेलं. त्यात नदीला वेग. तळाशी दगड-वाळूच्या घर्षणामुळे पाणी पृष्ठभागापेक्षा बरंच हळू वाहतं, म्हणून मासा पोट तळाला टेकवून त्या हळू पाण्यात बसतो, ताकद वाचवतो. तो दोन-तीन फूट वर येऊन तुमच्या मिनोचा पाठलाग करणार नाही. समोर अर्ध्या-एक फुटात आलं तर तोंड उघडून पाण्यासकट आत ओढेल, बस. जिग तीन फूट वर असेल तर तुम्ही रिकाम्या पाण्यात गरवताय.

आता तपासण्या. क्रम मुद्दाम असा लावलाय की आधी फुकटच्या, मग थोड्या पैशांच्या, मग वेळखाऊ, मग खर्चिक. लोक बरोबर उलटं करतात, आधी नवीन ट्रोलिंग मोटर (बोट हळू सरकवणारी छोटी विजेची मोटर) घेतात आणि गरीचं टोक बोथटच असतं.

गरीचं टोक आणि मिनो (दोन मिनिटं, फुकट)

गरीचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकं टेकवून ओढा. रुतलं तर ठीक, घसरलं तर बोथट. जिग दगडांवर आपटत असते, तास-दीड तासात टोक जातं. वॉलआयचं तोंड हाडाचं, टणक असतं आणि थंडीत तो जोरात पकडत नाही, त्यामुळे बोथट गरी नुसती घासून बाहेर येते आणि तुम्हाला वाटतं मासा सुटला. खिशात छोटी कानस ठेवा किंवा जिग बदला.

मिनो कसा लावलाय ते बघा. ओठातून फक्त टोचला असेल तर तो गरीच्या पुढे लोंबतो आणि मासा शेपटीकडून ओढून नेतो. मी गरी तोंडातून आत घालून डोक्याच्या मागून, पाठीच्या बाजूने बाहेर काढतो, म्हणजे मिनो जिगच्या दांड्यावर सरळ बसतो आणि गरी त्याच्या अंगाच्या अर्ध्यापर्यंत मागे जाते. आणि लहान मिनो घ्या. आमिषाच्या दुकानात मोठे शायनर जातीचे मिनो बघून हात तिकडेच जातो, पण टकटक होऊन रिकामं येत असेल तर अडीच इंचाचा फॅटहेड मिनो पुरेसा.

लाईनचा कोन (फुकट, आणि सगळ्यात महत्त्वाची)

जिग खाली सोडा, तळाला टेकवा आणि लाईनकडे बघा. पाण्यात शिरताना ती उभी आहे का तिरकी? उभी असेल तर २० फूट पाण्यात साधारण २० फूट लाईन बाहेर असते, जिग अर्धा फूट उचलली की अर्धा फूटच उचलली जाते आणि टेकली की बोटाला कळतं. तिरकी झाली की बाहेर ३० फूट लाईन असते, तिला पाण्याने पोट येतं, आणि तुम्ही रॉड फूटभर उचलता तेव्हा ते पोट सरळ होण्यातच तो फूट जातो. जिग हलतच नाही, किंवा हललीच तर तुम्हाला माहीत नसताना. मासा चावला तरी तो धक्का त्या पोटात विरतो. म्हणजे लक्षणं वेगवेगळी, टकटक होऊन रिकामी, काहीच न जाणवणं, सारखी अडकणं, पण तिन्ही या एका तिरक्या लाईनमुळे होऊ शकतात. अडकण्याचं तर खासच, कारण तिरकी लाईन जिगला दगडांच्या फटीत आडवी ओढते, उभी लाईन तिला वरून उचलते.

म्हणून नियम एवढाच ठेवा की दर अर्ध्या मिनिटाला लाईनकडे नजर, आणि तिरकी दिसली की पुन्हा वर घेऊन सरळ सोडायची. माशाची वाट बघत बसू नका, कोन बघत बसा.

जिगचं वजन (दोन-चार डॉलर)

कोन सरळ राहत नसेल तर पहिला संशय वजनावर. तळ्यावरून आलेले लोक १/८ औंसाची जिग घेऊन येतात कारण मे महिन्यात तिच्यावर मासे लागलेले असतात. नदीत १५-२० फूट पाण्यात मी १/४ पासून सुरू करतो, धार जास्त असली तर ३/८, आणि २५ फुटांच्या आसपास किंवा धरणाच्या जवळ गेलं की १/२, कधी ५/८ सुद्धा. वजनदार जिग बघून मासा घाबरतो वगैरे डोक्यातून काढून टाका.

पण उगाच जडही नको, आणि याचं कारण मासा खातो कसा त्यात आहे. वर सांगितलं तसं तो तोंड उघडून पाण्याबरोबर आमिष आत ओढतो. जिग जितकी जड आणि लाईन जितकी ताणलेली तितकी ती आत जायला विरोध करते, मग मिनोची फक्त शेपटी आत जाते, गरी ओठाबाहेरच. तेव्हा वजन असं निवडा: तळ स्पष्ट कळतोय आणि लाईन उभी राहतेय अशी सगळ्यात हलकी जिग. जड लावून सुरू करा, तळाची सवय होऊ द्या, मग एक पायरी हलकी करून बघा. एका बोटीत तिघं असाल तर तिघांचं वजन सारखं ठेवा, नाहीतर एकाची उभी राहील आणि दोघांच्या मागे पळतील आणि बोट कोणासाठी सांभाळायची हे बोट चालवणाऱ्याला कळणार नाही. हे फार जण करतात आणि मग नशिबाला दोष देतात.

लाईनची जाडी (वीसेक डॉलर)

वजन बरोबर असूनही लाईन मागे जात असेल तर लाईन जाड आहे. १२ पौंडाची जुनी मोनो, म्हणजे एकाच धाग्याची नायलॉनची लाईन, नदीच्या पाण्यात शिडासारखी वागते, पाणी तिला ढकलत राहतं. १० पौंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, तिच्यापेक्षा खूप बारीक असते आणि ताणत नाही, म्हणून टकटक थेट बोटात येते. मी १० पौंडाची उठून दिसणारी पिवळी ब्रेड आणि पुढे दोन-तीन फूट ८ पौंडाचा फ्लुरोकार्बन लीडर (जिगच्या आधी बांधायचा वेगळ्या लाईनचा तुकडा) लावतो, तो दगडावर घासून टिकतो आणि अडकलीच तर लीडरच्या गाठीपाशी तुटते, सगळी ब्रेड जात नाही. पिवळी एवढ्यासाठी की कोन दिसावा, आणि कधी कधी मासा जिग पडता पडताच घेतो तेव्हा हाताला काही कळत नाही पण लाईन मध्येच ढिली पडलेली डोळ्याला दिसते.

माझा एक मित्र, नागपूरचा, दोन सीझन माझ्याच बोटीत माझ्याच शेजारी बसून रिकाम्या हाताने परत जायचा. त्याला वाटायचं माझ्या मिनोत काहीतरी आहे. एका शनिवारी मी त्याला माझा रॉड दिला आणि त्याचा मी घेतला, बाकी काही बदललं नाही. तासाभरात त्याला चार सॉगर आणि एक १७ इंची वॉलआय, मला शून्य, आणि शून्य का ते मला पहिल्या पाच मिनिटातच कळलं, त्याच्या लाईनवर मला तळच सापडत नव्हता. त्याने त्या संध्याकाळी लाईन बदलली आणि पुढच्या शनिवारी स्वतःच्या रॉडवर स्वतःचा पहिला वॉलआय काढला, त्या वेळचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

स्टिंगर (एक डॉलर)

इथवर सगळं बरोबर आहे, लाईन उभी, तळ कळतोय, तरी टकटक होऊन रिकामं येतंय, तेव्हाच स्टिंगर लावा. म्हणजे जिगच्या मागे दोन-तीन इंचाच्या दोऱ्यावर छोटी तीन टोकांची गरी, एक टोक मिनोच्या शेपटीजवळ हलकं टोचायचं किंवा मोकळं सोडायचं. सॉगरसाठी हे जादूसारखं चालतं, तो शेपटीलाच चावतो. पण पहिल्यापासून लावू नका, दगडात अडकायला तीन टोकं जास्तीची मिळतात, आणि खरी चूक झाकली जाते.

याच टप्प्यावर हाताची सवयही तपासा. ३८ डिग्रीच्या पाण्यात रॉड फूट-दोन फूट उडवायचा नाही. चार-सहा इंच उचला, लाईन ताणलेली ठेवून हळू खाली न्या, टेकवा, पुन्हा दोन इंच उचलून धरून ठेवा, पाच सेकंद, दहा सेकंद. बहुतेक मासे त्या धरून ठेवण्यात लागतात. आणि चावा नेहमी टकटक असा नसतो, पुष्कळदा उचलताना जिग जरा जड लागते, ओला चिंधीचा बोळा लागल्यासारखी. जड लागली की लगेच मनगटाने झटका, विचार करत बसलात की तो थुंकून मोकळा.

बोटीचा वेग (पैसे नाहीत, पण शिकायला दोन-तीन फेऱ्या)

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात आणि इथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. वजन बरोबर, लाईन बरोबर, तरी उभी राहत नाही, कारण बोट पृष्ठभागाच्या पाण्याबरोबर वाहतेय आणि जिग तळाच्या हळू पाण्यात आहे. बोट पुढे जाते, जिग मागे राहते, लाईन तिरकी. यात वारा मिसळला की आणखी गोंधळ.

उपाय म्हणजे बोटीचं तोंड धारेच्या विरुद्ध, म्हणजे वरच्या दिशेला ठेवायचं, पुढच्या ट्रोलिंग मोटरने हलकं वर ढकलत राहायचं, पण इतकंच की बोट थांबणार नाही, पाण्यापेक्षा हळू खाली सरकत राहील. बोट तळाच्या पाण्याच्या वेगाने सरकली की लाईन आपोआप उभी. किती वेगाने? आकडा विचारू नका, आकडा दर ठिकाणी, दर दिवशी बदलतो. लाईनच सांगते. लाईन नदीच्या वरच्या अंगाला तिरकी गेली म्हणजे जिग मागे राहिली, बोट जास्त पळतेय, मोटर वाढवा. लाईन खालच्या अंगाला गेली म्हणजे जिग बोटीच्या पुढे वाहून चाललीये, तुम्ही बोट फार रोखून धरलीये, मोटर कमी करा. बोट चालवणाऱ्याने सोनारकडे नाही, स्वतःच्या लाईनकडे बघून मोटर चालवायची. वारा खालच्या दिशेला, म्हणजे धारेबरोबर वाहत असेल तर मोटर जास्त लागते. वारा धारेच्या विरुद्ध असेल तर बोट जागच्या जागी घुटमळते, तेव्हा कधी कधी बोटीचं तोंड खाली करून उलट ढकलावं लागतं. आडवा वारा सगळ्यात वाईट, तेव्हा मी जागा बदलतो, किनाऱ्याच्या आडोशाला जातो. "सकाळी लागत होते, अकराला बंद" या लक्षणाचं कारण दहातल्या आठ वेळा हाच वारा असतो, मासे कुठे गेलेले नसतात.

शिकायची युक्ती: पहिले अर्धा तास गरवू नका. एक रॉड, बिनआमिषाची जिग, आणि फक्त लाईन उभी ठेवत एक फेरी मारा. मामेभाऊ शिकागोकडे असतो, इलिनॉय नदीवर स्प्रिंग व्हॅलीला सॉगरसाठी जातो, त्याला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा तो वैतागला, एवढ्या थंडीत आमिष न लावता कोण फिरतं म्हणाला. पण फिरला, आणि आता तो दुसऱ्यांना शिकवतो.

काठावरून गरवणाऱ्यांना बोट नाही, त्यांचं गणित थोडं वेगळं. ओहायोत मॉमी नदीत लोक कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून गरवतात, लेक एरीतून वॉलआय वर चढतात तेव्हा. तिथेही तळ कळलाच पाहिजे, पण वजन इतकंच की ते तळावर टिचक्या मारत धारेबरोबर सरकत राहील. रुतून बसलं तर जड, एकदाही टेकलं नाही तर हलकं. आणि तिथला नियम लक्षात ठेवा, गरी तोंडाच्या आत लागली नसेल, अंगाला किंवा शेपटीला लागली असेल तर मासा सोडावाच लागतो.

जागा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच जागेला दोष द्या. वेगवान आणि हळू पाणी जिथे एकमेकांना घासतं तिथे पृष्ठभागावर एक रेघ दिसते, फेस आणि काड्या तिच्यावरून वाहतात, मासे हळू बाजूला असतात. विंग डॅम म्हणजे काठापासून आडवे पाण्यात टाकलेले दगडांचे बांध, एकोणिसाव्या शतकापासून आर्मी कोअरने (अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअर विभागाने) जहाजांसाठी मधला प्रवाह खोल ठेवायला बांधले, आता बरेचसे पाण्याखाली आहेत. त्यांच्या वरच्या अंगाला आणि टोकापाशी वॉलआय बसतो. गढूळ पाण्यात आणि संध्याकाळी वॉलआय आठ-दहा फुटातही येतो, लख्ख उन्हात खाली जातो, त्याच्या डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून अंधुक उजेडात त्याला दिसतं. सॉगर आणखी खोल आणि गढूळ पाणी पसंत करतो.

पण ३० फुटांच्या खाली मी मुद्दाम जात नाही आणि तुम्हीही जाऊ नका. एवढ्या खोलीतून वर ओढला की माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, आणि लहान म्हणून परत सोडलात तरी त्यातले बरेच मरतात. खोल खड्ड्यात दहा इंची सॉगरचा थवा सापडतो आणि माणूस खुश होऊन एकामागून एक काढतो, सोडतो, आणि मागे पांढरी पोटं वर करून मासे तरंगत जातात. ते बघवत नाही. अंड्यांनी भरलेल्या मोठ्या माद्याही सोडा, फोटो पटकन, हात ओले करून, पाण्याजवळ.

कोणता कुठला हे ओळखायला शिका, कारण पूल ४ वर वॉलआयला १५ इंचाची किमान मर्यादा आहे आणि सॉगरचा नियम वेगळा. वॉलआयच्या शेपटीचं खालचं टोक पांढरं असतं, सॉगरच्या पाठीवरच्या परावर काळे ठिपके रांगेत असतात आणि अंगावर गडद डाग. दोघांचा संकरही सापडतो. त्या वर्षीची नियमपुस्तिका फोनवर ठेवा. धरणाखाली बंद हद्दीच्या पाट्या आहेत त्यांच्या आत जायचं नाही, मासे तिथे कितीही असोत.

नदीच बिघडलेली असेल तर

घरून निघायच्या आधी नदीची पातळी, प्रवाह आणि जमलं तर पाण्याचं तापमान बघा, सरकारी मापकांचे आकडे फोनवर फुकट मिळतात. पातळी स्थिर किंवा हळू उतरत असेल आणि पाणी ४० कडे चढत असेल तर उत्तम. वॉलआय साधारण ४२ ते ५० फॅरनहाइटमध्ये अंडी घालतो, त्याच्या आधीचा पंधरवडा सोन्यासारखा. पण एकदम ऊन पडून बर्फ वितळला की थंडगार मातकट पाणी येतं, तापमान दोन-तीन डिग्री उतरतं, आणि मासे तोंड मिटून बसतात. याला कुठलीही जिग उपाय नाही. कडेचं शांत पाणी, उपनद्यांच्या तोंडाच्या वरची स्वच्छ बाजू बघा, नाहीतर घरी थांबा.

मोटर, बॅटरी, सोनार

बोट सरळ राहत नाही याचं कारण कधी कधी खरंच यंत्रात असतं. ट्रोलिंग मोटर दुपारी दमते? बॅटरीवर मल्टीमीटर लावा. पूर्ण भरलेली, विश्रांतीत असलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या वर दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी संपली. थंडीत क्षमता तशीही घटते. टोकांवरचा पांढरा-हिरवा गंज ब्रशने काढा, जोड घट्ट करा. मग बॅटरीची तार सोडवून, हे विसरू नका, प्रोपेलर काढा आणि मागे लाईन गुंडाळली गेलीये का बघा. ब्रेड तिथे गेली की सील कापते.

इथे थांबायचं. सीलमधून आत पाणी गेलेलं दिसलं, तार जळल्याचा वास आला, ब्रेकर सारखा पडायला लागला, तर स्वतः उघडू नका, बोटीच्या मेकॅनिककडे द्या. मुख्य मोटरचंही तेच. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा पाण्यात नेण्याआधी गिअरचं तेल थोडं काढून बघा, दुधाळ असेल तर आत पाणी आहे, आणि हिवाळ्यात ते गोठून गिअरचं आवरण तडकलेलं असू शकतं. सुरू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार आली नाही तर लगेच बंद करा. मार्चमधल्या नदीत मोटर बंद पडणं म्हणजे धरणाखालच्या धारेत, बार्जच्या, म्हणजे मालवाहू नावांच्या, वाटेत, हातात वल्हं घेऊन असणं.

आणि पाण्यावर असताना कधी थांबायचं तेही सांगतो. झाडांचे ओंडके किंवा बर्फाचे तुकडे वाहत येताना दिसले, रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर) बर्फ आहे, वाऱ्याने लाटा बोटीत यायला लागल्या, सोबतचा माणूस थरथरायचा थांबून गप्प झाला, तर परत. लाईफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. एवढ्या थंड पाण्यात पडलात तर श्वास ताब्यात आणायला साधारण १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात साधारण १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला तासभर. जॅकेट नसेल तर त्या पहिल्या मिनिटातच खेळ संपू शकतो. कोणी पडलं तर आधी बोटीला धरून ठेवा आणि ९११, मासे नंतर.

गाईडला कधी बोलवायचं? तीन वेगवेगळ्या दिवशी, पाणी बरं असताना, लाईन उभी ठेवून, तळ कळत असताना, दोन-चार जागा बदलूनही काहीच लागलं नाही, तर चौथ्या वेळी पेट्रोल जाळण्यापेक्षा अर्ध्या दिवसाचा गाईड घ्या. जाताना स्वतःचा रॉड आणि स्वतःच्या जिग घेऊन जा आणि त्याला आधीच सांगा की मासे कमी लागले तरी चालतील, मला तासभर ट्रोलिंग मोटर हातात द्या आणि माझी लाईन बघा. चांगला गाईड याला नाही म्हणत नाही, आणि तुमचं कुठे चुकतंय ते त्याला बहुतेक पहिल्या दहा मिनिटात दिसतं.

परत येताना रॅम्पवर बोटीचा प्लग काढून सगळं पाणी सोडा, मिनोच्या बादलीतलं नदीचं पाणीही ओतून टाका आणि मिनो ठेवायचे असतील तर घरून आणलेलं पाणी भरा. मिनेसोटात हा कायदा आहे, झेब्रा मसल (बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे छोटे शिंपले) दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून.